लाकडावरचा बॉयलर तापतो, पण गरम पाणी पुढे जात नाही: सर्क्युलेशन पंपाची तपासणी

“पंप चालू हाय की मालक, आवाज येतोय. पण कॉइल गारच हाय.”

डिसेंबरातली सकाळ, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं एक छोटं डाइंग, म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. शेडमागे उघड्यावर लाकडाचा बॉयलर, त्याच्या व्हेंट पाइपातून भकाभका वाफ बाहेर पडतेय, आणि आत टॉवेलच्या सुताचे हँक (लडी) रंगाच्या टाकीत कोमट पाण्यात पडलेले. बॉयलर सांभाळणारे मामा तीन दिवस हेच सांगत होते. मालकांनी पहिल्या दिवशी मोटर भरून आणली, दुसऱ्या दिवशी कंडेन्सर बदलला, तिसऱ्या दिवशी नवा पंपच मागवला. मी पोचलो तेव्हा तो खोक्यात होता. “खोकं उघडू नका,” म्हटलं आणि खिशातला थर्मामीटर काढला.

दोष काय निघाला ते योग्य जागी सांगतो. त्या दिवशी ज्या क्रमाने तपासलं, तोच क्रम इथे देतोय, कारण माझ्या अनुभवात घोटाळा होतो तो क्रम चुकल्यामुळे. पंप हा या साखळीतला एकटाच आवाज करणारा, म्हणून आळ पहिला त्याच्यावर येतो.

आधी एक हद्द आखून घेऊ. हा लेख गरम पाण्याच्या बॉयलरबद्दल आहे, वाफेच्या नाही. ज्याच्या टाकीला वर उघडा व्हेंट आहे, पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर ठेवतात आणि पंप तेच पाणी पाइपातून रंगाच्या टाकीतल्या कॉइलमध्ये (वेटोळ्या नळीत) फिरवून परत आणतो, तो हा बॉयलर. स्टीम बॉयलर बॉयलर कायद्याखाली येतो, तिथे परवानाधारक माणसाशिवाय कुणी हात लावू नये. मात्र एक लक्षात ठेवा: आपल्या साध्या बॉयलरचा व्हेंट कुणी लाकडी खुंटी ठोकून किंवा व्हॉल्व्ह लावून बंद केला, की त्याच क्षणी तो प्रेशर व्हेसल (दाबाखालचं भांडं) होतो, आणि त्याचा पत्रा त्यासाठी बनवलेला नसतो. “वाफ वाया जाते” म्हणून व्हेंटला व्हॉल्व्ह लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. असं दिसलं तर पंपाचं नंतर बघा, आधी तो व्हॉल्व्ह काढा.

अमेरिका-कॅनडात खेड्यांतली घरं अशाच बाहेरच्या बॉयलरवर गरम ठेवतात. घरापासून लांब भट्टी, जमिनीखालून इन्सुलेट केलेले पाइप, आत रेडिएटर. त्यांना थंडीत पाइप गोठायची धास्ती असते. आपल्याला ती नाही. आपल्याला आहे बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यातला पत्र्याचा शेड. पण पंपाचं शास्त्र दोन्हीकडे एकच.

हातात काय असावं

दोन थर्मामीटर, किंवा एक इन्फ्रारेड गन. गन वापरत असाल तर चकचकीत पाइपावर ती खोटं बोलते. जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर नेम धरा. टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं मीटर. दोन प्रेशर गेज, पंपाच्या आधी आणि नंतर. तशी टॅपिंग नसेल तर पुढच्या वेळी पाइप उघडाल तेव्हा अर्ध्या इंचाची दोन सॉकेट वेल्ड करून घ्याच, थोडक्या पैशांच्या कामासाठी पुढची दहा वर्षं अंदाजावर काढू नका. लांब स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक बेरिंगवर आणि मूठ कानाशी धरली की डॉक्टरच्या नळीचं काम होतं. एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ.

पंप उघडायचा असेल तर मेन स्विच बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. पाणी पन्नास अंशांच्या खाली येईपर्यंत युनियन (पाइपचा उघडता येणारा सांधा) सोडायचं नाही. ऐंशी अंशांचं पाणी हातावर पडलं तर कातडी लगेच सोलून निघते, हे डाइंगमधल्या माणसांना वेगळं सांगायला नको. आणि बॉयलर कोरडा पडून तापलेला असेल तर त्यात गार पाणी सोडायचं नाही, अजिबात नाही. जळण ओढून काढा, भट्टीची हवेची खिडकी बंद करा आणि तो आपोआप निवू द्या.

पहिली पायरी: चार ठिकाणचं तापमान

बॉयलरमधून पाणी निघतं तिथे, कॉइलमध्ये शिरतं तिथे, कॉइलमधून बाहेर येतं तिथे आणि बॉयलरमध्ये परत शिरतं तिथे. भट्टी नीट पेटलेली असताना चारही आकडे एका कागदावर लिहा.

त्यांच्यावरून पाणी किती फिरतंय ते जवळपास कळतं. हिशेब सोपा आहे. मिनिटाला एक लिटर पाणी दहा अंशांनी निवलं, तर ताशी ६०० किलोकॅलरी उष्णता टाकीला मिळाली. म्हणजे टाकीला ताशी ४०,००० किलोकॅलरी हव्या असतील आणि कॉइलच्या दोन टोकांत दहा अंशांचा फरक असेल, तर मिनिटाला सुमारे ६७ लिटर फिरायला हवेत.

आता तीन चित्रं बघा. कॉइलमध्ये शिरताना ८२ आणि बाहेर पडताना ४५ अंश असेल, तर पाणी कमी फिरतंय. पंप, हवा, व्हॉल्व्ह, जाळी यांपैकी कुणीतरी गुन्हेगार. शिरताना ८२, बाहेर ७९, आणि तरी रंगाची टाकी तापत नाही, तर पाणी भरपूर फिरतंय पण उष्णता सोडत नाही. कॉइलवर खवल (क्षारांचा थर) चढलीय, पंपाला हात लावू नका. तिसरं चित्र म्हणजे बॉयलरपाशी ८५ आणि कॉइलच्या तोंडाशी ६५. हा पाइपचा दोष आहे. इन्सुलेशन भिजलंय किंवा उंदरांनी खाल्लंय, नाहीतर पाणी इतकं हळू चाललंय की वाटेतच निवतंय.

बॉयलरच मुळात ६० च्या वर जात नसेल तर प्रश्न भट्टीचा आहे. ओली वेडी बाभूळ जाळून पंपाला शिव्या देणारेही भेटतात.

त्या सकाळी माझे आकडे होते: बॉयलर ९६, कॉइलच्या तोंडाशी ३८, बाहेर ३१. पाणी जवळजवळ उभंच होतं.

दुसरी पायरी: पाण्याची पातळी आणि पाइपातली हवा

आधी बॉयलरच्या टाकीची पातळी बघा. गेज ग्लासवर विसंबू नका, त्याची खालची नळी गाळानं बुजली तर काच कायम भरलेली दिसते. खालचा ड्रेन कॉक जरा सोडा, काचेतलं पाणी खाली जाऊन झटकन परत वर आलं पाहिजे.

पातळी ठीक असेल तर हवा शोधायची. पंपानं हवा धरली की तो चालतो, आवाजही जरा हलका येतो, टाँग टेस्टरवर करंट नेहमीपेक्षा कमी दिसतो आणि पाणी सरकत नाही. पंपातला पंखा (इम्पेलर) पाण्यात फिरवायला जोर लागतो, हवेत लागत नाही, म्हणून करंट घटतो.

हवा येते कुठून? पाइपचं काम करून पाणी भरलं तेव्हाची अडकलेली असते, ती पहिली. ताजं पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते, ती दुसरी. तिसरी बाहेरून शोषली जाते, आणि तीच सगळ्यात त्रासदायक, कारण काढली तरी दुसऱ्या दिवशी हजर.

ही तिसरी समजून घ्यायला हवी. आपला बॉयलर उघडा आहे, म्हणजे त्याच्या पाण्याच्या पातळीवर हवेचाच दाब. त्या पातळीच्या वर पाइप जितका चढेल, तितका त्यातला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी. समजा कॉइल माळ्यावर आहे आणि पाइप पातळीच्या तीन मीटर वरून जातो. तिथे एखाद्या सांध्याला केसाएवढी फट असली तरी पाणी बाहेर ठिबकणार नाही, उलट हवा आत शिरेल. म्हणून गळती शोधूनही सापडत नाही. आणि लोक काय करतात, तर त्याच उंच ठिकाणी ऑटोमॅटिक एअर व्हेंट बसवतात. पंप चालू असताना दाब उणा असेल तर तो व्हेंट हवा काढत नाही, आत घेतो! अशा ठिकाणी हाताने उघडायचा साधा कॉक लावा, पंप बंद करून खाली दिलेल्या रीतीने लाइनीत ताजं पाणी जोरात सोडत हवा काढा आणि कॉक घट्ट बंद करा. खरा उपाय म्हणजे बॉयलरची भरणीची टाकी लूपच्या (पाणी जाऊन परत येतं त्या अख्ख्या पाइपच्या फेऱ्याच्या) सगळ्यात उंच जागेच्याही वर नेणं, किंवा पाइप खाली आणणं.

हवा काढायची रीत अशी. पंप बंद. सप्लायच्या (बॉयलरमधून पाणी निघतं त्या) आणि परतीच्या, दोन्ही टोकांचे बॉयलरजवळचे व्हॉल्व्ह बंद करा, परतीच्या व्हॉल्व्हच्या अलीकडच्या ड्रेन कॉकला नळी लावा आणि नळीचं दुसरं टोक बादलीत पाण्याखाली ठेवा. आता ताज्या पाण्याची लाइन सप्लायच्या बाजूने जोरात सोडा. बादलीत आधी बुडबुडे, मग फसफस, मग थुंकल्यासारखं, आणि शेवटी सलग धार. सलग धार आल्यावरही दोन मिनिटं चालू द्या. उतारावर अडकलेली हवा हळू पाण्याला दाद देत नाही, ती जोरातच ढकलावी लागते. कॉइल दोन-चार असतील तर बाकीच्या बंद ठेवून एकेकीची हवा काढा, सगळ्या एकदम उघडल्या तर पाणी सोपा रस्ता धरतं.

वेट रोटर पंप असेल, म्हणजे मोटर आणि पंप एकाच बंद डब्यात, बाहेर पंखा नाही, शाफ्ट दिसत नाही असा, तर पुढच्या मधल्या मोठ्या स्क्रूतून थोडं पाणी झिरपेपर्यंत हवा काढता येते. नव्या मॉडेलमध्ये तो स्क्रू नसतोही. असला तर चिंधी धरून हळू सोडा, आतलं पाणी बॉयलरइतकंच गरम असतं.

तिसरी पायरी: पंपात खडे वाजतात का

पंपातून वाळू-खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल, तापमान चढेल तसा वाढत असेल आणि भट्टी उतरली की थांबत असेल, तर ते बेरिंग नाही. पंपाच्या तोंडाशी पाणी उकळतंय. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. पंख्याच्या डोळ्याशी दाब घटतो, पाण्याचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की ते फुटतात, आणि फुटताना पंख्याचा धातू कुरतडतात. पंखा काढून बघितला तर वाळवीनं खाल्ल्यासारखा दिसतो.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरला नव्हे, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. हवेचा दाब पाण्याला पंपात ढकलतो आणि पाण्याच्या वाफेचा दाब त्याला विरोध करतो. दोघांची वजाबाकी केली की उरलेलं बळ, पाण्याच्या उंचीत मोजलं तर, आपल्याकडे साधारण असं येतं: पाणी ७० अंशांवर असेल तर ६.७ मीटर, ८० ला ५.१, ९० ला २.७ आणि ९५ ला जेमतेम १.२ मीटर. यात पंपापासून टाकीच्या पातळीपर्यंतची उंची मिळवायची आणि पाइपातलं घर्षण वजा करायचं. जे उरेल ते पंपाच्या पुस्तकात लिहिलेल्या एनपीएसएचपेक्षा (पंपाच्या तोंडाशी लागणाऱ्या कमीत कमी बळापेक्षा) निदान अर्धा-एक मीटर जास्त हवं. छोट्या पंपांना दीड-दोन मीटर लागतात. म्हणजे ९५ ला बॉयलर चालवणारा माणूस पंपाला उपाशी ठेवून पळवतोय.

मघाचा माळ्यावरचा पाइपही याच हिशेबात बसवा. पातळीच्या तीन मीटर वर दाब इतका कमी असतो की तिथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. खाली थर्मामीटर ९० दाखवतोय, सगळं आलबेल वाटतंय, आणि वर वाफेचा बोळा बसलाय.

उपाय स्वस्तातला आधी. तापमान ८० वर आणा, सुताच्या बऱ्याच रंगांना त्याहून जास्त लागत नाही. सक्शनकडची (पाणी पंपात शिरतं त्या बाजूची) जाळी साफ करा. सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पाणी कमी करायचं असेल तर नेहमी डिलिव्हरीचा (पाणी पंपातून निघतं त्या बाजूचा) व्हॉल्व्ह दाबा, सक्शनचा कधीही नाही. सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठा ठेवा आणि पंपाच्या तोंडालगत एल्बो नको.

पंप सप्लायवर की परतीवर, यावर मिस्त्री लोकांत वाद आहे. परतीवर पाणी निवलेलं असतं, सील आणि मोटर जास्त टिकतात, हे खरं. पण परतीवरच्या पंपापर्यंत येताना पाण्याला अख्ख्या लूपचं घर्षण सोसावं लागतं, त्यामुळे सगळी लाइन ओढीखाली येते आणि हवा शोषण्याची भीती वाढते. माझं मत असं: लूप आखूड आणि बॉयलरच्या पातळीखाली असेल तर परतीवर बसवा. लाइन लांब असेल किंवा माळ्यावर चढत असेल, तर सप्लायवर, पण बॉयलरच्या पायाशी, आखूड आणि जाड सक्शन देऊन. बॉयलरच्या डोक्यावर पंप बसवलेला दिसला तर तो कुणी बसवला हे विचारायच्या भानगडीत पडू नका, खाली उतरवा.

चौथी पायरी: रस्ता मोकळा आहे का

आता त्या सकाळचा दोष. हवा नव्हती, खडे वाजत नव्हते. टाँग टेस्टरवर करंट नेमप्लेटच्या बराच खाली. दोन गेजांमधला फरक मात्र ०.९ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर), म्हणजे नऊ मीटर, आणि पंपाच्या प्लेटवर जास्तीत जास्त हेड (पंप पाणी किती उंच ढकलू शकतो तो आकडा) दहा मीटर लिहिलेलं. पंपाच्या बॉडीला हात लावला तर बाजूच्या पाइपापेक्षा ती गरम. तेच पाणी आतल्या आत घुसळलं जात होतं. पंप ठणठणीत होता, पुढचा दरवाजा बंद होता.

“व्हॉल्व्ह तर उघडाय की,” मामा म्हणाले आणि त्यांनी परतीच्या लाइनवरचा गेट व्हॉल्व्ह फिरवून दाखवला. चाक फिरत होतं, स्पिंडल वर येत होता. बॉनेट (व्हॉल्व्हचं वरचं झाकण) उघडलं तर स्पिंडल मोकळा, आणि पितळेचं गेट खाली सीटमध्ये घट्ट बसलेलं. गंजून सुटलं होतं. चाक कितीही फिरवा, दरवाजा हलणार नाही. तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवला आणि तासाभरात टाकी ७० वर गेली.

ही परीक्षा तुम्हीही करा. पंप चालू असताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, अर्ध्या मिनिटाच्या वर नाही, आणि दोन गेजांमधला फरक वाचा. एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर. आकडा प्लेटवरच्या कमाल हेडच्या जवळ आला तर पंप चांगला, दोष लूपमध्ये. बराच कमी आला तर पंखा झिजलाय, पंप उलटा फिरतोय किंवा आत हवा आहे. मग व्हॉल्व्ह उघडा. उघडल्यावरही फरक तेवढाच राहिला तर पुढे कुठेतरी बूच आहे.

बूच शोधायची ठिकाणं: वाय स्ट्रेनरची (पाइपातल्या गाळणीची) जाळी, एनआरव्हीची (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हची) झडप, गेट व्हॉल्व्ह, आणि कॉइलचं पहिलं वळण. नव्या लाइनमध्ये वेल्डिंगचा गाळ आणि टेफ्लॉनचे तुकडे पहिल्याच आठवड्यात जाळीत येतात, म्हणून नवी लाइन चालू केल्यावर जाळी तीनदा तरी धुवा. एनआरव्हीवरचा बाण बघायला विसरू नका. उलटा लावलेला एनआरव्ही हा विनोद वाटतो, पण घडतो.

पाचवी पायरी: वीज

पंप फिरतच नसेल किंवा गरम होऊन ट्रिप होत असेल, तर टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा, मेन बोर्डावर नको. तेही पंप चालू असताना. २३० च्या जागी १८० मिळत असेल तर मोटरचा जोर साठ टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. अशी मोटर गुणगुणते, उचलत नाही, तापते.

सिंगल फेजच्या पंपात हाताने शाफ्टला झटका दिल्यावर तो सुरू होत असेल तर कंडेन्सर गेला. हे करताना मोटरमागच्या हवेच्या पंख्याचं कव्हर काढावं लागतं, तेव्हा वीज बंद करून शाफ्टला दोरी गुंडाळा, लांब उभं राहून ओढा आणि दुसऱ्याला स्विच लावायला सांगा. किंवा हा खेळ टाळून कंडेन्सर सरळ मीटरवर तपासा. नवा घालताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावर होता तोच हवा. “मोठा घातला की जोर येतो” हे ऐकू नका, वायंडिंग जळतं. काढलेला कंडेन्सर हाताळण्याआधी रोधक किंवा बल्ब लावून डिस्चार्ज करा.

तीन फेजच्या पंपात दिशा बघा. डीपीवर काम झालं, मोटर भरून आली किंवा स्टार्टर बदलला, की दोन फेज उलटायची शक्यता असते. यातली फसवणूक अशी की सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी ढकलतोच. त्यामुळे “फिरतोय, पाणीपण येतंय” असं वाटतं, फक्त टाकी तापत नाही. बॉडीवरचा बाण आणि पंख्याची दिशा जुळवून बघा, उलटी असेल तर कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. एक फेज गेली असेल तर मोटर घुमते आणि काही मिनिटांत जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) नसलेला स्टार्टर वापरू नका.

आणि उन्हाळा. साध्या मोटरचं रेटिंग चाळीस अंश हवेसाठी असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४३-४४ पर्यंत जातं, पत्र्याखाली बॉयलरच्या शेजारी त्याहून किती तरी जास्त. जानेवारीत बिनतक्रार चालणारा पंप मे महिन्यात दुपारी दोनला ट्रिप होतो तो यामुळे. त्याला पत्र्याचा आडोसा द्या, वारा लागू द्या, मोटरच्या पंख्याच्या जाळीत बसलेले सुताचे तंतू झाडून काढा. ओव्हरलोडचा आकडा वाढवून ठेवणं हा उपाय नव्हे.

सहावी पायरी: पंप उघडायची वेळ आली तर

गड्ड्याच्या यात्रेला (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेला) कारखाना तीन-चार दिवस बंद राहतो, आणि उघडल्यावर पंप गुणगुणतो पण फिरत नाही, हा दरवर्षीचा फोन. वेट रोटर पंपात रोटर आणि डब्यामध्ये कागदाच्या जाडीएवढी फट असते, ती क्षारांनी धरते. वीज बंद करून मधला स्क्रू काढा, आत शाफ्टच्या टोकाला खाच दिसेल, स्क्रूड्रायव्हरने अलगद दोन्हीकडे फिरवा. सुटला तर सुटला. नाही सुटला तर मोटरचे चार स्क्रू काढून रोटर बाहेर घ्या आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा. किराणा दुकानातलं साधं सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात, अर्धा-पाऊण तास. फसफस थांबली की धुऊन काढा. वायरिंगच्या बाजूला थेंब जाऊ देऊ नका. आणि डाइंगमधल्यांनी जपून: हे पाणी ब्लीचिंग पावडर किंवा हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइटच्या) जवळही न्यायचं नाही, क्लोरिन वायू सुटतो. वापरलेली बादली हायपोची नव्हती ना, एवढं विचारा.

सुट्टीतही पंप दिवसातून पाच मिनिटं चालवायला वॉचमनला सांगितलं तर हा फोन येत नाही.

मोनोब्लॉक पंपात (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या) मोटर आणि पंपाच्या मधून ठिबकत असेल आणि तिथे पांढरा क्षार जमला असेल, तर मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) गेलं. दुकानात “गरम पाण्याचं” असं ठासून सांगा. थंड पाण्याच्या सीलचं नायट्रिल रबर सततच्या उष्णतेनं कडक होऊन तडकतं. गरम पाण्याला ईपीडीएम चांगलं, पण त्याला ऑइल-ग्रीस चालत नाही, फुगतं. ते बसवताना साबणाचं पाणी लावा. सीलच्या घासणाऱ्या चकचकीत तोंडाला बोटसुद्धा लावू नका, आणि पंपात पाणी भरल्याशिवाय चाचणीलाही स्विच मारू नका. कोरडं सील काही सेकंदांत जळतं.

बेरिंगचा आवाज स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत ऐका. एकसारखी घरघर असेल आणि ती पाण्याच्या तापमानाने बदलत नसेल, तर बेरिंग.

पुन्हा पुन्हा तेच का होतं

दर तीन महिन्यांनी पंप अडकत असेल तर पंप नव्हे, पाणी तपासा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. ते तापलं की खवल होऊन सगळ्यात गरम जागी बसतं. पण लूपमध्ये एकदा भरलेलं पाणी एकदाच खवल सोडतं. नुकसान करतं ते वरून रोज ओतलेलं नवं पाणी, ते नवे क्षारही आणतं आणि नवा ऑक्सिजनही. ऑक्सिजननं पत्रा गंजतो, त्याचा काळा गाळ पाइपभर फिरतो, आणि परमनंट मॅग्नेट मोटर असलेल्या नव्या वीजबचतीच्या पंपांच्या रोटरला चिकटतो, लोहचुंबकाला कीस चिकटावा तसा.

म्हणून भरणीच्या लाइनवर छोटं वॉटर मीटर लावा. आठवड्याला बादलीभर गेलं तर ठीक, रोज शंभर लिटर जात असतील तर गळती आहे किंवा बॉयलर उकळून पाणी उडवतोय. काहीजण साफसफाई म्हणून दर महिन्याला लूप रिकामा करतात. करू नका, फक्त तळाचा गाळ सोडा. भरायला सॉफ्टनरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या आणि गंजरोधक रसायन विक्रेत्याने सांगितलेल्या मापानेच घाला.

वीज गेली की

गॅस बंद करता येतो, पेटलेलं लाकूड नाही. पंप थांबला की पंधरा-वीस मिनिटांत पाणी उकळून व्हेंटमधून उडायला लागतं, आणि परत वीज आली की वाफेनं भरलेल्या लाइनीत पंप हवा धरतो. वीज गेल्याबरोबर हवेची खिडकी बंद करणं मामांच्या हातात आहे. पण छोटा, शंभर वॅटचा पंप असेल तर इन्व्हर्टर परवडतो. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीची निम्मीच ताकद धरली आणि इन्व्हर्टरमधली घट वजा केली तरी सात तास निघतात. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या, स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते.

नवा पंप घ्यायचाच असेल तर

बंद फिरत्या लूपमध्ये एकदा पाणी भरलं की पंपाला ते माळ्यावर उचलायचं नसतं. वर चढणाऱ्याचं वजन खाली उतरणारं पाणी तोलून धरतं. पंपाला फक्त घर्षण जिंकायचं असतं. म्हणून हेड काढताना इमारतीची उंची धरू नका, पाइपची लांबी, वळणं आणि कॉइल धरा. “एक एचपी जास्त असू दे” म्हणून आणलेला पंप सक्शन ओढतो, खडे वाजवतो आणि बिल वाढवतो. वेट रोटर पंप बसवताना शाफ्ट आडवाच हवा. मोटर वर किंवा खाली करून बसवली तर बेरिंगमध्ये हवा नाहीतर गाळ बसतो. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन द्या, म्हणजे पुढच्या वेळी अख्खं पाणी सोडावं लागत नाही.

आणि पंप नवा असताना, सगळं नीट चालू असताना, करंट, दोन्ही गेजचे आकडे आणि चार ठिकाणची तापमानं बॉयलरच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. त्या डाइंगमध्ये मी मामांकडूनच लिहून घेतलं: २.१ अँपिअर, फरक ०.५ किलो, ८२, ८०, ७०, ६९. मालकांचा नवा पंप दुकानदाराने परत घेतला नाही. तो अजून खोक्यात आहे, बॉयलरजवळच्या फळीवर, आणि त्यावर मामा चहाचे ग्लास ठेवतात.